दोन यंत्रांना तिघी

दगडीबाईचं नाव दगडी ठेवलं ते तिच्याआधीची तीन भावंडं टिकली नाहीत म्हणून. नाव असं ठेवायचं की यमानेही नाक मुरडून पुढे जावं. माहेर पारोळ्याच्या बाजूला एक खेडं. नवरा मिळाला धरणगावचा, आणि त्याचं नाव उखर्डू, उकिरड्यावरून ठेवलेलं, म्हणजे त्याच्याही घरी तीच भीती. १९०६ साली लग्न झालं तेव्हा तिचं वय चौदा की पंधरा, कोणी मोजून ठेवलेलं नाही. सासरी आली, हळद उतरली, आणि दिवाळी होताच सासूने तिला जिनात नेऊन बसवलं.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. लांबच लांब पत्र्याची छपरी, आत ओळीने चोवीस यंत्रं, आणि प्रत्येक यंत्रासमोर फळीवर एक बाई. तिने हाताने कापूस सारत राहायचं, यंत्राने तो ओढून घ्यायचा. रुई पलीकडे पडते, सरकी खाली. ऐकायला अगदी सोपं. करून बघा म्हणजे कळेल. हात एकदा थांबला की मुकादम ओरडतो, आणि हात जास्त पुढे गेला की काय होतं ते ओळीतल्या दोघीतिघींची बोटं बघून समजायचं. हवेत तंतू इतका की समोरचीचं तोंड पांढरं दिसे. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज हेच. पहाट फुटायच्या आत भोंगा, आणि सुटका कधी, तर कापूस संपेल तेव्हा.

दुसऱ्या वर्षी दगडीबाईला मुलगी झाली. दोन महिन्यांची झाली आणि हंगाम सुरू झाला. आता तान्ह्या पोरीला कुठे ठेवणार? घरी सासू नाही, तीही जिनातच. मग बाकीच्या बाया करत तेच हिने केलं. पोरीला कापसाच्या ढिगामागे निजवायचं आणि अफूचा मोहरीएवढा दाणा चाटवायचा. पोर रडत नाही, मुकादम ओरडत नाही, सगळं कसं शांत. सगळ्या बाया करत. तिच्या सासूनेही उखर्डूला असंच वाढवलं होतं, आणि तो चांगला सहा फुटी गडी झाला होता. त्यामुळे यात भिण्यासारखं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

पोर एके दिवशी दुपारी उठलीच नाही. दाणा मोठा झाला असेल, की पोरीच्या अंगात आधीच काही नसेल. कोण सांगणार? दगडीबाई तिसऱ्या दिवशी परत फळीवर बसली.

शेजारच्या यंत्रावर नानीबाई असे. दगडीबाईपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ, पण आतून माणूस चांगलं. दगडीबाई तिला अक्का म्हणे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी नानीबाईने एक तिसरी बाई बरोबर आणली आणि दगडीबाईला म्हणाली, "दोन यंत्रंस्ले आपन तिन्ही जनी बससूत. दोन जनीस्नी मजुरी तिन्ही जनी वाटी लेसूत. पोटले कमी पडी, पन पोर तं जगी."

झालं, एवढ्यावर ठरलं. दोघी यंत्रावर, तिसरी मोकळी, आणि पाळीपाळीने बदल. मुकादम होता पितांबर. त्याने दोन दिवस बघितलं आणि म्हणाला, "माले काय. यंत्र रिकामं दिसाले नको." यंत्र रिकामं दिसलं नाही. उलट पूर्वी बाई पेंगायची, पाणी प्यायला उठायची, ते सगळं बंद झालं. दोन हंगामांत अख्ख्या ओळीने हीच रीत उचलली. चोवीस यंत्रांना छत्तीस बाया. पटावर नावं मात्र चोवीसच, मजुरीही चोवीसांचीच. जादाच्या बारा जणी कोण, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

आता ही मोकळी बाई काय करत असेल? पाय पसरून बसत असेल, असं ज्याला वाटेल त्याने कधी बायांबरोबर काम केलेलं नाही. ती आधी आपलं लेकरू पाजायची, मग बाकीच्या दोघींची बघायची. यंत्रांखाली साचलेली सरकी पाट्या भरभरून बाहेर ढिगावर टाकायची. पलीकडून कापूस आणून दोघींच्या हाताशी ओतायचा. तंतू झाडायचा, नाहीतर पट्ट्यात अडकून पेट घेतो. माठ भरायचा, आणि यंत्रावरच्या दोघींच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालायचा, कारण त्यांचे हात मोकळे नसत. एवढं होईतो तिची पाळी यंत्रावर आलेली असे. आणि यंत्रावर बसली की ती म्हणायची, हुश्श, आता कामाला लागले.

याच रीतीवर मगन वाढला. दगडीबाईचा मुलगा, १९१० चा. पाटीत निजला, सरकीच्या ढिगावर खेळला, अफूचा दाणा त्याच्या जिभेला लागला नाही. १९१८ च्या तापसरीत उखर्डू गेला, सासूही गेली. दगडीबाईच्या हातात राहिलं ते जिनातलं तिच्या वाट्याचं दोन तृतीयांश यंत्र आणि हा पोरगा. त्यावर तिने दिवस काढले. चाळिशीला आली तेव्हा तिच्या छातीत कायमची घरघर बसली होती. खोकला आला की ती भिंतीला हात लावून उभी राहायची आणि संपला की काही झालंच नाही असं दाखवायची.

१९३२ च्या पौषात जिनाची पाहणी करायला सरकारी इन्स्पेक्टर आला. बरोबर त्याचा कारकून, हातात वही. आदल्या दिवशी मुकादमाने बायांना बजावलं होतं की छपरीत पोरं दिसली तर दंड होईल, आणि बारा लेकरं सरकीच्या ढिगापलीकडे लपवून ठेवली होती. त्यातलंच एक ताईबाईचं. ताईबाई नानीबाईची सून. तिघींतली जुनी बाई थकून घरी बसली तेव्हापासून तिची जागा ताईबाईकडे आलेली. तिचं लेकरू तीन महिन्यांचं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकतो. शिव्या द्यायला कोणीतरी असतं तर बरं झालं असतं, पण तो तसा नव्हता. त्याने बायका मोजल्या, यंत्रं मोजली, पट बघितला, आणि त्याच्या लक्षात आलं की बारा बायका जास्त आहेत. मग तो बाहेर लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, सगळ्यांत जुनी बाई कोण, तिला बोलवा. जुनी खरं तर नानीबाई. पण ती आणि ताईबाई यंत्रावर होत्या आणि पाळी दगडीबाईची मोकळी होती. तिला पुढे केलं.

पंचवीस वर्षांत तिला कामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. दगडीबाईने पदर सावरला. एक ठरवलं, की खोटं बोलायचं नाही आणि फुकटचं मागायचं नाही.

कारकुनाने विचारलं, "बाई, दिवसभरात तुम्ही काम किती वेळ करता?"

तिने नीट विचार केला. "दिवसना तीन वाटा करा, साहेब. दोन वाटा मी यंत्रवर ऱ्हास. येक वाटा मोकळी ऱ्हास."

"आणि मोकळ्या असता तेव्हा काय करता?"

आता काय सांगायचं? लेकरं सांभाळते म्हणावं तर दंड. सरकी उचलते, झाडते, पाणी भरते म्हणावं, तर ते काय सांगण्यासारखं आहे? घरातही ती झाडत होती, पाणी भरत होती. ते कोणी काम म्हणून सांगतं का? साहेबापुढे असलं काही बोलणं म्हणजे आपला बडेजाव मिरवणं. तिला तर लाजच वाटली.

"काही नही," ती म्हणाली. "आठे-तठे."

कारकुनाने लिहून घेतलं, काही नाही, इकडेतिकडे. साहेबाने इंग्रजीत काही विचारलं, कारकुनाने मान हलवली. त्या इंग्रजीत काय होतं ते दगडीबाईला कसं कळावं? साहेब विचारत होता की तिसरी बाई काही काम करते का. करत असेल तर तिचं नाव पटावर घालून तिला पुरी मजुरी द्यायला लावतो. कारकून म्हणाला, नाही, ती काही करत नाही, तीच सांगते आहे. मग साहेबाने वहीत शेरा लिहिला की ज्याचं नाव पटावर नाही आणि ज्याला काम नाही, असा माणूस यंत्रांच्या छपरीत असणं धोक्याचं आहे. बारा जणींना बाहेर ठेवावं. आणि तो जळगावच्या गाडीला निघून गेला.

नवा मॅनेजर रुपचंद हा जळगावचा, शिकलेला, हुकमाचा पक्का. दुसऱ्या दिवशी भोंग्याला तो स्वतः फाटकात उभा राहिला आणि चोवीस जणी आत घेतल्या. फाटकाबाहेर बारा जणी उभ्या राहिल्या. सगळ्यांनी एकदा दगडीबाईकडे बघितलं.

नानीबाई मात्र बोलली. "तू येक शबद जास्त बोलती, तं काय बिघडतं व्हतं? सरकी काय त्या साहेबना बाप उचले?"

"माले काय मालूम, अक्का. इचारं तसं सांगं."

"तुले इचारं की काम किती. अन् तू सांगं की निम्मं." नानीबाईचा हिशेब तसा चुकीचा होता, पण राग खरा होता.

पहिला दिवस कसातरी गेला. दोघी आत, त्या नानीबाई आणि दगडीबाई. ताईबाई फाटकाबाहेर. पण पटावर नाव होतं ताईबाईचं. दगडीबाईचं नाव कधीकाळी खोडून तिथे घातलेलं, कारण पटाचं कोणालाच काही पडलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मॅनेजरने पट वाचला आणि म्हणाला, उद्यापासून ताईबाई आत, दगडीबाई बाहेर. दगडीबाईने भांडायला हवं होतं. पंचवीस वर्षं बसलेली फळी होती ती, आणि घरी मगनची शेतातली मजुरी सोडली तर दुसरं काही नव्हतं. पण ज्या तोंडाने घोळ केला त्याच तोंडाने भांडायचं कसं? ती गप्प बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकात तिला ताईबाईच्या पदराची गाठ दिसली. बारीकशी, दोन वेळा मारलेली. कडेवरचं लेकरू मान टाकून निजलं होतं. सकाळी एवढ्या गलक्यात तीन महिन्यांचं पोर असं निजत नाही.

"काय दिधं तेले?" दगडीबाईने विचारलं.

ताईबाई रडायला लागली. "काय करू मंग, मावशी? रडस तं मुकादम वरडस. घर मा कोन शे?"

दगडीबाईने लेकरू तिच्या कडेवरून काढून घेतलं. गाठ सोडून दाणा मातीत टाकला आणि वर पाय घासला. "जाय तू कामले," म्हणाली. ती फाटकापलीकडे लिंबाखाली जाऊन बसली आणि तासभर त्या पोराच्या पायांना टिचक्या मारत राहिली. पोर रडलं तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. संध्याकाळपर्यंत तिच्याभोवती सात लेकरं झाली. भोंगा झाला की आया धावत यायच्या, पाजायच्या, परत धावायच्या. कोणी चतकोर भाकरी ठेवी, कोणी कांदा ठेवी, कोणी काहीच ठेवत नसे. ज्यांच्या जागा गेल्या त्यांतल्या बाकीच्या अकरा जणी शेतात वेचणीला पांगल्या. दगडीबाईला छातीमुळे उन्हात वाकवत नव्हतं.

पण जिन काही सुधरेना. तिसऱ्या दिवशी यंत्रांखाली सरकी गुडघाभर साचली. चौथ्या दिवशी दोन यंत्रं अडली. पाचव्या दिवशी तंतूने पट्ट्याला धूर धरला आणि सगळं अर्धा दिवस बंद. मॅनेजर चिडला. मुकादमाला म्हणाला, आजवर सरकी कोण उचलत होतं? मुकादमाने डोकं खाजवलं. पंचवीस वर्षं त्याने रोज बघितलं होतं, पण सांगता येईना. मग दगडीबाईला बोलावलं.

एक लेकरू खांद्यावर तसंच घेऊन ती गेली. आणि या वेळी तिने सगळं सांगितलं. सरकीच्या पाट्या, कापसाची ओढ, झाडलोट, पाणी, भाकरीचे तुकडे. मोकळी बाई काय काय करते ते एकेक करून. बोलताना तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, की हे एवढं होतं.

रुपचंद म्हणाला, "मग साहेबाला काही नाही असं का सांगितलंत?"

"ते कामात धरतस, हे माले मालूम नव्हतं, साहेब." थांबली, श्वास घेतला. "आते मालूम पडनं. त्या बारा जनीस्ले परत ल्या. पटवर ल्या. नहीतं पटवर नका ल्या, पन आत येऊ द्या. लेकरं मरतीन."

तिने एवढं कोणाकडे कधी मागितलं नव्हतं. रुपचंदने ऐकून घेतलं, मध्येच तोडलं नाही. मग म्हणाला, "बायकांबद्दल वहीत शेरा झालाय, तो मला फिरवता येत नाही. पण तुमचं म्हणणं खरं आहे, हे काम आहे आणि त्याला माणूस पाहिजे. चांगला धट्टाकट्टा हमाल ठेवतो. बायांना पाच आणे आहेत, त्याला आठ देऊ, काम जड आहे." मग जुन्या बाईला अगदीच रिकाम्या हाताने पाठवायचं त्याच्या जिवावर आलं असावं. "तुमचा मुलगा आहे ना? उद्यापासून येऊ दे."

घरी चूल पेटायची तर नाही म्हणून चालणार नव्हतं. लिंबाखाली परत येताना दगडीबाईच्या मनात आलं, की एवढं तरी मिळालं. आणि लगेच आलं, की मिळालं कोणाला? ताईबाईला काही नाही. त्या बारा जणींना काही नाही. तिने खांद्यावरचं लेकरू बदललं आणि जाऊन बसली.

मगन कामावर जाऊ लागला. बावीस वर्षांचा उमदा पोरगा, अंगात रग होती. पहिल्या दिवशी हसत गेला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आला तो उंबऱ्यातच आडवा झाला. दगडीबाईने तेलाची वाटी आणली आणि त्याच्या पोटऱ्या चोळायला बसली.

"माय, कंबर मोडी गयी," तो म्हणाला. "सरकी उचला, कापूस आना, झाडा, परत सरकी. बसाले येळच नही. येकलावरी व्हवाव काम नही ते."

"मंग?"

"मंग काय. मी जाईसन मॅनेजर साहेबले सांगं. मानूस भला शे, माय. लगेच म्हनना, खरं शे तुनं, दिनभर येकला कसा करशी, मधमा इसावा पाहिजेच. उद्यापाइन पितांबर आबाना भाचा येस, तेले बी आठ आना. पाळीपाळीवरी करसूत. येक जन करी, येक जन बसी."

"बसी," दगडीबाई म्हणाली.

"हा, निव्वळ बसी. छपरीमाच. साहेबनीच सांगं."

तिचे हात चालू राहिले. तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. पोराची कंबर वाचली, याचं कुठल्या आईला बरं वाटणार नाही? आणि आपल्याला बरं वाटतंय याचाच तिला इतका राग आला की छातीतली घरघर वर चढली. ती खोकली, बराच वेळ खोकली. मगन कोपरावर उठून बघत राहिला. बाहेरून ताईबाई जाताना दिसली, कडेवर पोर, पाय ओढत, कामावरून सुटलेली. उद्या पहाटे ती ते पोर परत लिंबाखाली आणून टाकणार होती. दगडीबाईला खोकल्यामुळे उठता आलं नाही तर ते कुठे ठेवणार होती, ते दोघींनाही माहीत होतं.

खोकला थांबल्यावर तिने परत त्याचा पाय मांडीवर घेतला.

"पंचवीस वरीसमा आमनाकरता हे कोनी म्हनं नही, मगन," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. नुसतं सांगितलं.

मगनला आधी समजलं नाही. मग त्याने आईच्या हातांकडे बघितलं, त्या तेलकट, भेगाळलेल्या, त्याच्या पोटरीवर वरखाली फिरणाऱ्या हातांकडे. ज्या सरकीच्या ढिगावर तो लहानपणी खेळला होता तो ढीग पाट्यापाट्यांनी कोण घालत होतं, हे त्याच्या ध्यानात येत गेलं तसं त्याचं तोंड उतरलं. त्याने हळूच दोन्ही पाय तिच्या हातांतून काढून घेतले आणि पोटाशी ओढून बसला.